पोकरच्या मोठ्या स्पर्धेचे अखेरचे टप्पे : प्रत्यक्ष सभागृहातून वार्तांकन कसे करावे

मोठ्या पोकर स्पर्धेच्या पहिल्या दिवशी वार्ताहर जे लिहितो, तो केवळ नमुना असतो. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या 2023 च्या मुख्य स्पर्धेत 10,043 प्रवेशिका आल्या होत्या. इतक्या टेबलांवर एकाच वेळी काय चालले आहे हे कोणीही पाहू शकत नाही आणि वाचकही तशी अपेक्षा धरत नाही. तीन टेबले, म्हणजे सत्तावीस खेळाडू, उरले की मात्र चित्र बदलते. आता प्रत्येक मोठा डाव कोणाच्या तरी आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या रकमेशी जोडलेला असतो, घरी बसलेले नातेवाईक दर दोन मिनिटांनी आपली नोंद उघडून पाहत असतात आणि आपण लिहिलेला आकडा चुकला तर तो दुरुस्त करणारे दुसरे कोणी जवळ नसते. हा लेख त्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी आहे. पोकरचे मूळ नियम वाचकाला माहीत आहेत असे येथे गृहीत धरले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. अखेरच्या टप्प्यातल्या वार्तांकनाचा कणा पत्ते नसून चिप्स असतात. कोणाजवळ एक्क्यांची जोडी होती याचे आकर्षण वाचकाला असतेच. पण ती जोडी दहा बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी मोठी) शिल्लक असलेल्या खेळाडूकडे होती की ऐंशी असलेल्याकडे, हे कळल्याशिवाय त्या डावाला अर्थ येत नाही.

आदल्या रात्रीची तयारी

पहिले काम म्हणजे स्पर्धेतल्या एकूण चिप्सचा आकडा काढून वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिणे. या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला 60,000 चिप्स मिळतात. 10,043 ला 60,000 ने गुणले की 60 कोटी 25 लाख 80 हजार होतात. सत्तावीस खेळाडू उरतात तेव्हा सरासरी स्टॅक, म्हणजे एका खेळाडूजवळच्या चिप्सचा साठा, सुमारे 2 कोटी 23 लाखांचा असतो आणि नऊ उरतात तेव्हा सुमारे 6 कोटी 69 लाखांचा. हा एकूण आकडा म्हणजे आपली ताळ्याची वही होय. नऊ जणांच्या स्टॅकच्या आपल्या नोंदींची बेरीज 63 कोटी येत असेल, तर कोठे तरी एक स्टॅक चुकला आहे, आणि तो शोधल्याशिवाय पुढची नोंद प्रसिद्ध करू नये. लहान चिप्स काढून मोठ्या चिप्स देताना किरकोळ फरक पडतो, तो सोडून द्यावा.

दुसरा कागद बक्षिसांचा. तो पाठ असला पाहिजे, कारण खेळाडूंचे वागणे त्याच्यावरून कळते. 2023 मध्ये नवव्या क्रमांकाला 9 लाख डॉलर, चौथ्याला 30 लाख, तिसऱ्याला 40 लाख, दुसऱ्याला 65 लाख आणि विजेत्या डॅनियल वाइनमनला 1 कोटी 21 लाख डॉलर मिळाले. शेवटची पायरी 56 लाखांची होती, तर नवव्यापासून तिसऱ्यापर्यंतचे सगळे अंतर मिळून 31 लाखांचेच होते. दोघे उरल्यावर खेळ एकाएकी मोकळा किंवा अतिशय सावध का होतो, याचे उत्तर पुष्कळदा या कागदावर सापडते.

तिसरी तयारी माणसांची. प्रत्येक खेळाडूचे नाव, त्याचा उच्चार, देश आणि आजवरचे निकाल यांची दोन-दोन ओळींची टिपणे तयार ठेवावीत. 2025 च्या अंतिम टेबलावर मायकेल मिझराची बसला तेव्हा तो 2010 च्या मुख्य स्पर्धेत पाचवा आला होता आणि त्याच उन्हाळ्यात त्याने 50,000 डॉलर प्रवेशशुल्काची पोकर प्लेअर्स चॅम्पियनशिप चौथ्यांदा जिंकली होती, हे टिपण ज्याच्याकडे तयार होते त्याला त्या रात्री शोधाशोध करावी लागली नाही. अनोळखी खेळाडूंसाठी अधिक वेळ राखून ठेवावा. नामवंतांची माहिती कोठेही मिळते, पण हौशी खेळाडूबद्दल विचारायला त्याच्या मित्रांखेरीज कोणी नसते, आणि ते मित्र उद्या रेलच्या, म्हणजे प्रेक्षकांच्या कठड्याच्या, मागे उभे असतील. 2008 ते 2016 या वर्षांत अंतिम टेबल उन्हाळ्यातून थेट शरद ऋतूवर ढकलले जाई आणि वार्ताहरांना काही महिने मिळत. 2017 पासून पुष्कळदा एखाद-दुसराच दिवस मिळाला आहे. मिळेल तो वेळ झोपेत घालवू नये.

उभे कोठे राहायचे

सभागृहात लवकर पोहोचून आधी फ्लोअरवरच्या अधिकाऱ्यांना भेटावे. वार्ताहराला कोठवर जाता येईल, दोरीच्या आत कोणाला परवानगी आहे, उपकरणे कोठे ठेवायची, हे स्वतः विचारून घ्यावे. उपकरणांचा प्रश्न 2024 नंतर जास्त नाजूक झाला आहे. त्या वर्षीच्या अंतिम टेबलाजवळ विजेत्याचे समर्थक लॅपटॉप उघडून बसले होते आणि त्यावर बरीच चर्चा झाली. म्हणून टेबलाजवळ जाताना वही आणि पेन न्यावे, लॅपटॉप पत्रकारांच्या टेबलावरच ठेवावा.

उभे राहण्याची सर्वांत चांगली जागा डीलरच्या खांद्यामागे, थोडी बाजूला असते. तेथून मधले पत्ते सरळ दिसतात, सर्वांचे स्टॅक समोर येतात आणि कोणाचेही झाकलेले पत्ते नजरेस पडत नाहीत. खेळाडूच्या पाठीमागे कधीही उभे राहू नये. त्याने पत्त्यांचा कोपरा उचलला आणि आपल्याला तो दिसला, तर आपल्या चेहऱ्यावर काय उमटेल याची खात्री देता येत नाही, आणि समोरचा खेळाडू तोच चेहरा वाचत असू शकतो. जागांचे क्रमांक डीलरच्या डाव्या हातापासून एक, दोन असे सुरू होतात. टेबल नव्याने रचले की लगेच वहीत वर्तुळ काढून नावे लिहावीत. जुन्या रचनेवरून लिहिलेली एक नोंद दोन खेळाडूंची ओळख उलटीपालटी करते.

स्टॅक मोजण्याचा सराव वेगळा करावा लागतो. खेळाडू साधारणपणे वीस-वीस चिप्सच्या चळती रचतात, म्हणजे एक लाखाच्या चिपची एक चळत वीस लाखांची. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, सर्वांना दिसतील अशा ठेवाव्यात असा नियम आहे आणि तो वार्ताहराच्या फार उपयोगी पडतो. रंग आणि किंमत यांची यादी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावी, आधी मोठ्या चिप्स मोजाव्यात, मग चळतींची उंची शेजारच्या चळतीशी ताडून पाहावी. शंका असल्यास ब्रेकमध्ये खेळाडूला विचारावे. डाव चालू असताना विचारू नये. ‘तुमच्याकडे किती आहेत?’ हा प्रश्न त्या वेळी फक्त प्रतिस्पर्ध्याने, डीलरच्या साक्षीने विचारायचा असतो.

एक डाव कसा टिपावा

फ्लॉप (मधले पहिले तीन सामाईक पत्ते) येण्यापूर्वीच चार गोष्टी वहीत आलेल्या असाव्यात : ब्लाइंडची पातळी, बटण (डीलरची जागा दाखवणारी चकती) कोणापुढे आहे, भाग घेणाऱ्यांचे स्टॅक आणि आधी पैसे कोणी घातले. नवखे वार्ताहर फ्लॉप दिसल्यावर लिहायला लागतात आणि मग आधी कोणी किती रेझ केले होते ते आठवत बसतात. मी स्वतः प्रत्येक डावाची पहिली कृती टिपतो. दहातले आठ डाव तेथेच संपतात आणि ती ओळ खोडावी लागते, तरीही.

उदाहरण घेऊ. ब्लाइंड 4 लाख आणि 8 लाख आहेत, बिग ब्लाइंडवर बसलेला खेळाडू सर्वांच्या वतीने 8 लाखांचा अँटी (ब्लाइंडखेरीजची सक्तीची रक्कम) भरतो. कटऑफवरचा, म्हणजे बटणाच्या लगेच आधीच्या जागेवरचा, खेळाडू 4 कोटी 20 लाखांचा स्टॅक घेऊन 16 लाखांचा रेझ करतो. बाकीचे फोल्ड करतात आणि 3 कोटी 10 लाख असलेला बिग ब्लाइंड कॉल करतो. फ्लॉपवर इस्पिक नव्वी, बदाम छक्की आणि चौकट दुर्री येते. बिग ब्लाइंड चेक करतो, कटऑफ 15 लाख लावतो, कॉल होतो. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, चौकट राणी, दोघेही चेक. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, इस्पिक छक्की. बिग ब्लाइंड 50 लाख लावतो. कटऑफ दीर्घ विचारानंतर कॉल करतो. बिग ब्लाइंड किलवर सत्ती-छक्की दाखवतो, कटऑफ पत्ते न दाखवता डीलरकडे सरकवतो.

माझ्या वहीत हे असे उतरते : ‘4-8-8. क (4.20) 16, बि (3.10) कॉ. नव्वी इ, छक्की ब, दुर्री चौ : चे, 15, कॉ. राणी चौ : चे चे. छक्की इ : बि 50, क विचार, कॉ. बि सत्ती-छक्की कि. क झाकले.’ बदामासाठी ‘ब’ ठरल्यामुळे बटणासाठी मी ‘ट’ वापरतो. अशा खुणा प्रत्येकाने आपल्या आपण ठरवाव्यात, पण एकदा ठरवल्यावर स्पर्धा संपेपर्यंत बदलू नयेत.

आता ताळा. फ्लॉपपूर्वी पॉटमध्ये दोघांचे 16-16 लाख, स्मॉल ब्लाइंडने सोडलेले 4 लाख आणि अँटीचे 8 लाख, असे 44 लाख. फ्लॉपनंतर 74 लाख. रिव्हरनंतर 1 कोटी 74 लाख. कटऑफने एकूण 81 लाख घातले, म्हणून त्याच्याकडे 3 कोटी 39 लाख उरले पाहिजेत. बिग ब्लाइंडने 81 लाख आणि अँटीचे 8 लाख मिळून 89 लाख घातले आणि 1 कोटी 74 लाख उचलले, म्हणजे त्याचा स्टॅक 85 लाखांनी वाढून 3 कोटी 95 लाख झाला. हे गणित करून मग नजर टाकावी. टेबलावरच्या चळती याच्याशी जुळत नसतील तर मधली एखादी बेट चुकीची ऐकली गेली आहे.

कटऑफकडे काय होते? ते कोणालाच दिसले नाही, म्हणून ते लिहायचे नाही. ‘बहुधा राणी असावी’ हा तर्क कितीही पटणारा असला तरी तो वृत्तान्तात येत नाही. खेळाडूने नंतर स्वतः सांगितले तर ‘त्याच्या म्हणण्यानुसार’ असे लिहावे, कारण पोकरमध्ये झाकलेल्या पत्त्यांबद्दल खरे सांगण्याचे बंधन कोणावरही नसते.

प्रकाशझोतांखाली बदाम आणि चौकट यांच्यात दुरून घोटाळा होतो, तसाच इस्पिक आणि किलवर यांच्यातही. पत्ता नीट दिसला नसेल तर डाव संपताक्षणी सहकाऱ्याला विचारावे. पाच मिनिटांनी दोघांचीही आठवण आपापल्या समजुतीप्रमाणे बदललेली असते.

ऑल-इन

कोणी ऑल-इन झाला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या, आणि कॉल आला की सभागृहात गलका होतो, मित्र रेलवर धावतात, कॅमेरे पुढे येतात. नेमक्या याच क्षणी वार्ताहराने पत्त्यांकडे न पाहता आधी दोन्ही स्टॅककडे पाहावे. कोणाचा स्टॅक लहान आहे आणि किती लहान आहे, यावर हा डाव कोणाच्या स्पर्धेचा शेवट ठरू शकतो ते अवलंबून असते.

एका स्पर्धेत दोन टेबले उरली असताना मी हीच चूक केली. लहान स्टॅकचा खेळाडू जिंकला आणि मी त्याला प्रतिस्पर्ध्याने ढकललेला सगळा स्टॅक देऊन टाकला. वास्तविक त्याला मिळणार होते ते त्याच्या स्वतःच्या स्टॅकइतकेच, आणि उरलेल्या चिप्स प्रतिस्पर्ध्याकडे परत गेल्या होत्या. सुमारे चाळीस मिनिटे माझ्या यादीत चुकीचा माणूस आघाडीवर होता. एकूण बेरीज तपासली असती तर चूक दोन मिनिटांत सापडली असती. तेव्हापासून बेरीज केल्याशिवाय मी यादी पाठवत नाही.

तिघे ऑल-इन असतील तर पॉट वेगवेगळे लिहावेत. समजा स्टॅक 80 लाख, 1 कोटी 40 लाख आणि 3 कोटी आहेत. ब्लाइंड आणि अँटी बाजूला ठेवले तर मुख्य पॉट 80 लाखांच्या तिप्पट, म्हणजे 2 कोटी 40 लाखांचा होतो. साइड पॉट उरलेल्या दोघांच्या 60-60 लाखांचा, म्हणजे 1 कोटी 20 लाखांचा. सर्वांत मोठ्या स्टॅकवाल्याला 1 कोटी 60 लाख परत मिळतात. मुख्य पॉट एकाने आणि साइड पॉट दुसऱ्याने जिंकणे अगदी शक्य असते. 2023 मध्ये वाइनमनची गुलामांची जोडी एक्क्यांच्या आणि राजांच्या जोडीसमोर ऑल-इन गेली आणि बोर्डवर गुलाम आल्याने ती वाचली. असा डाव वर्षानुवर्षे सांगितला जातो, म्हणून त्याची पहिली नोंद तरी निर्दोष असली पाहिजे.

बाद झालेल्याचा क्रमांक हीही नाजूक बाब आहे. एकाच टेबलावर एकाच डावात दोघे बाद झाले, तर डावाच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या त्याला वरचा क्रमांक मिळतो. ‘हँड फॉर हँड’ चालू असताना, म्हणजे सर्व टेबलांवर एकेक डाव एकाच वेळी वाटला जात असताना, वेगवेगळ्या टेबलांवर दोघे एकाच डावात बाद झाले तर ते त्या क्रमांकांची बक्षिसे वाटून घेतात. अशा वेळी अंदाजाने क्रमांक लिहू नये, फ्लोअरकडून खात्री करावी.

न खेळलेले डावही बातमी असतात

मोठी रक्कम पुढच्याच क्रमांकावर असेल तेव्हा टेबल एकदम शांत होते. मधल्या स्टॅकचे खेळाडू चांगले पत्ते सोडून देतात आणि एरवी न सोडले जाणारे पॉट आघाडीवरचा खेळाडू एकामागून एक उचलत जातो. वरवर पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. वाचकाला हे समजावून सांगणे हे वार्ताहराचे खरे कौशल्य आहे, आणि त्यासाठी आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, कळायला हवे.

तीन खेळाडू उरले आहेत, बक्षिसे 10 लाख, 6 लाख आणि 4 लाख डॉलर आहेत, आणि चिप्सची वाटणी 50, 30 व 20 टक्के आहे असे समजा. निम्म्या चिप्स असलेल्याचा वाटा एकूण 20 लाखांपैकी निम्मा, म्हणजे 10 लाख, असायला हवा असे सहज वाटते. मॉडेलप्रमाणे तो सुमारे 7 लाख 68 हजार येतो. 20 टक्के चिप्स असलेल्याचा वाटा मात्र 4 लाख नसून सुमारे 5 लाख 77 हजार येतो. कारण उघड आहे : सगळ्या चिप्स जिंकल्या तरी 10 लाखांहून जास्त मिळत नाहीत आणि सर्वांत लहान स्टॅकलाही 4 लाख निश्चित आहेत. म्हणून जिंकलेल्या चिपपेक्षा गमावलेली चिप जास्त महाग पडते. खेळाडूने राजा-राणी का सोडली, याचे उत्तर भित्रेपणात नसून या गणितात असते, आणि ‘तो घाबरला’ असे लिहिणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

अशा वेळी प्रत्येक डाव लिहू नये. दर वीस मिनिटांनी एक परिच्छेद द्यावा : कोणी किती वेळा ब्लाइंड उचलले, कोणाचे किती बिग ब्लाइंड उरले, पुढची पातळी किती मिनिटांवर आहे. ब्लाइंड 5 लाख-10 लाख आणि अँटी 10 लाख असेल, तर टेबलाची एक फेरी 25 लाखांना पडते. 1 कोटीच्या स्टॅकला चारच फेऱ्या उरल्या आहेत, हे एक वाक्य सगळा ताण सांगून जाते.

अंतिम टेबल आणि विलंबित प्रक्षेपण

अंतिम टेबलावर पत्त्यांमध्ये बसवलेले सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक तुकडे टेबलाखालच्या यंत्रणेने वाचले जातात आणि प्रेक्षकांना झाकलेले पत्ते दिसतात. त्यामुळेच प्रक्षेपण काही काळ मागे ठेवलेले असते. सभागृहातला वार्ताहर डाव आधी पाहतो, पण पत्त्यांशिवाय. घरचा प्रेक्षक नंतर पाहतो, पण पत्त्यांसह. आयोजकांनी नोंदींसाठी जो विलंब ठरवला असेल तो काटेकोरपणे पाळावा. मित्राला खासगी निरोप पाठवणे हाही त्याचा भंगच आहे. प्रक्षेपणात झाकलेले पत्ते दिसल्यावर जुनी नोंद बदलू नये. खाली स्वतंत्र ओळ जोडून ‘प्रक्षेपणानुसार त्याच्याकडे अमुक पत्ते होते’ असे लिहावे, म्हणजे त्या क्षणी सभागृहात कोणाला काय माहीत होते, हे शाबूत राहते.

माणसांशी बोलणे

बाद झालेल्या खेळाडूला लगेच गाठू नये. त्याला उठू द्यावे, हस्तांदोलने होऊ द्यावीत, कुटुंबाकडे जाऊ द्यावे. मग दोन प्रश्नांची परवानगी मागावी आणि नकार मिळाला तर आभार मानून मागे फिरावे. पहिला प्रश्न शेवटच्या डावाचा नसावा. ‘आजच्या दिवसात कोणता डाव तुमच्या लक्षात राहील?’ असे विचारले की बहुतेक जण मोकळे होतात. मित्रांकडून कळलेली घरची गोष्ट, विशेषतः आजारपण किंवा कर्ज, खेळाडूच्या संमतीशिवाय छापू नये.

रकमेबद्दल लिहिताना ‘त्याने इतके कमावले’ असे न म्हणता ‘त्या क्रमांकाचे बक्षीस इतके होते’ असे म्हणावे. पुष्कळ खेळाडूंनी आपला हिस्सा आधीच विकलेला असतो किंवा मित्रांशी अदलाबदल केलेली असते, आणि कराचा भाग वेगळाच. काही स्पर्धांत शेवटचे दोघे-तिघे आपसात वाटणीचा करारही करतात. तो अधिकृतपणे जाहीर झाला तरच लिहावा.

दिवस संपताना

शेवटच्या डावांची घोषणा झाली की जागा सोडू नये, कारण दमलेले खेळाडू याच वेळी मोठे निर्णय घेतात. त्यानंतर प्रत्येक जण आपल्या चिप्स मोजून पिशवीत भरतो आणि बाहेर आकडा लिहितो. तो आकडा स्वतः वाचून घ्यावा. शून्यांची चूक पिशवीवरही होते. सर्वांची बेरीज करून पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडावी आणि मगच दुसऱ्या दिवसाच्या जागांची यादी द्यावी.

अखेरच्या रात्री विजेत्याभोवती गर्दी होते. छायाचित्रे, ब्रेसलेट, मुलाखती यांत पाऊण तास सहज जातो आणि तो कोठेही जाणार नसतो. उपविजेता मात्र दहा मिनिटांत बाजूच्या दाराने निघून जातो. म्हणून शेवटचा पत्ता पडताच बोर्ड, दोघांचे पत्ते आणि पॉट वहीत नोंदवावे आणि थेट उपविजेत्याकडे जावे.